डोंगराची लांब वाट आखताय? मग या चुका टाळा राजेहो

एप्रिल लागला की आमच्या कृषी केंद्रात बियाण्याच्या गिऱ्हाइकाआधी हिमालयवाले पोट्टे येतात. परतवाड्याच्या या भागात मी दरवर्षी कुठंतरी चढायला जातो हे सगळ्यांना माहीत, त्यामुळं बाकड्यावर बसून एकच प्रश्न, "दादा, रोजचे दहा-बारा किलोमीटरच तं आहेत, जमते ना?" रोज सकाळी धामणगाव रोडनं सपाट पाच किलोमीटर चालणाऱ्यानं हे विचारलं की माझं डोकं फिरते.

भाऊ, किलोमीटर मोजू नका, चढ मोजा. १८९२ मध्ये विल्यम नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं एक साधा हिशोब मांडला, तो आजच्या मापात असा धरतात : पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला वरून आणखी एक तास. म्हणजे १२ किलोमीटर आणि ९०० मीटर चढ असेल तर चार तास झाले. पण हा हिशोब धडधाकट माणसाचा, चांगल्या वाटेचा. पाठीवर सॅक असली की मी त्याची दीडपट करतो आणि साडेतीन हजार मीटरच्या वर सरळ दुप्पट. एवढं करून दुपारी दोनच्या आत पोचत नसेल तर मुक्काम अलीकडं घेतो, कारण दुपारनंतर वर ढग भरून येतात आणि बर्फ मऊ पडून पाय मांडीपर्यंत आत जाते.

सरावाला जिम नको, आपल्याला चिखलदरा आहे. परतवाड्याहून घाटानं वर जाईस्तोवर सातशे मीटरच्या आसपास चढ होतो. सडकेनंच जा, मेळघाटच्या जंगलात परवानगीशिवाय घुसायची हुशारी करू नका. सॅकमध्ये दहा लिटर पाणी भरा, म्हणजे दहा किलो वजन झालं, वर पोचल्यावर ओतून द्या आणि हलक्या पाठीनं उतरा, गुडघे वाचतात. आणि मे महिन्यात पहाटे साडेचारलाच निघा. ४५ डिग्रीत सराव करून आधीच सुकलेलं अंग घेऊन हिमालयात गेलेले मी पाहिलेत, पहिल्याच दिवशी आडवे.

नवे बूट घालून जाऊ नका. यावर जास्त बोलत नाही, ज्याला फोड आले त्याला समजते.

कॉटनचं बनियन, जीन्स, काही नको. आपण कापूस पिकवतो, त्याच्यावरच जगतो, तरी सांगतो पहाडावर तो वैरी आहे, घामानं ओला झाला की वाळत नाही आणि अंगातली गरमी ओढून घेते.

आता माझी सगळ्यात नावडती चूक : परतीचं तिकीट आधी काढायचं आणि ट्रेक त्याच्यात कोंबायचा. हे मी स्वतः केलेलं आहे म्हणून राग जास्त.

काही वर्षांपूर्वी आम्ही चौघं रूपिन पासला निघालो. ४,६५० मीटरची खिंड, उत्तराखंडातून चढायचं आणि हिमाचलात सांगल्याला उतरायचं. चौघंही शेतीवाले, म्हणून सात जूनला मृग लागायच्या आत घरी पायजे होतं, पेरणी सोडून कोण पहाडात बसते? त्या हिशोबानं दिल्लीहून परतीचं रिझर्वेशन काढलं आणि मग दिवस कमी पडले. तर मी, शहाणा माणूस, वहीत बसून काटछाट केली. जाखा गाव साधारण २,७०० मीटरवर, तिथून एक मुक्काम गाळून एका दमात धबधब्याच्या खालच्या कॅम्पला, म्हणजे साडेतीन हजारावर. तिथली विश्रांतीची सुट्टीही कापली आणि दुसऱ्या दिवशी वरचा कॅम्प, चार हजार. गाइड नको नको म्हणत होता, आम्ही त्याला तिकीट दाखवलं.

वर पोचल्यावर आमच्यातला एक जण जेवला नाही. डोकं दुखते म्हणाला, मग ओकला. आम्ही काय म्हणावं? "काही नाही बे, पित्त झालं, उपाशापोटी चहा घेतला ना." पित्ताची गोळी दिली, वरून जिरं चावायला दिलं. आपल्याकडं कशालाही पित्तच होते ना! गाइड आला, त्यानं त्याला तंबूबाहेर काढलं आणि टाचेला अंगठा लावत सरळ चालायला सांगितलं. चार पावलांत तो वरातीतल्या टुन्न माणसासारखा बाजूला कलला. गाइड एवढंच म्हणाला, अभी नीचे. रात्री साडेनऊला हेडटॉर्च लावून त्याला दोघांच्या मधात धरून उतरवलं, कडक बर्फावर एकेक पाऊल खोदत. सकाळी खालच्या कॅम्पला त्यानं उठून मॅगी मागितली तेव्हा मी तंबूमागं जाऊन रडलो, खोटं काहून बोलू.

चालताना तोल जाणं म्हणजे उंचीमुळं मेंदूला सूज येत असल्याचं लक्षण. त्यावर पहिला इलाज खाली उतरणं, सकाळची वाट न पाहता. वर डोकं दुखून मळमळ झाली तर ते उंचीचंच समजायचं, पित्त नंतर. तीन हजाराच्या वर झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथंच थांबायचं. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी डॉक्टरला विचारून घ्या, पण गोळी घेतली म्हणजे पळायचं लायसन्स भेटलं असं समजणारे लय आहेत.

पास अर्थातच झाला नाही. ज्या वाटेनं गेलो त्याच वाटेनं परत, आणि ज्या दिवसासाठी एवढी मरमर केली तो अख्खा दिवस निजामुद्दीनच्या प्लॅटफॉर्मवर पेपर अंथरून काढला. घरी आलो तर मृग कोरडा गेला, पेरणी जूनच्या शेवटी झाली.

बारीकसारीक : मोबाइल रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्या, थंडीत बॅटरी बसते, आणि नकाशा गावातच डाउनलोड करा. खायला महागड्या एनर्जी बारपेक्षा गूळ-फुटाणे आणि राजगिऱ्याचे लाडू, वर भूक मरते तेव्हा ओळखीचीच चव घशाखाली उतरते.

आता मी परतीचं तिकीट दोन दिवस मोकळे सोडून काढतो आणि घरी तारीख त्याच्याही एक दिवस पुढची सांगतो. लवकर आलो की बायको दारातच विचारते, "काहून, पास बंद होता का?"