कोकणातलं घर: कुठल्या भिंतीला बाहेरून काय लावायचं

कोकणात घर बांधताना बाहेरून काय लावायचं हे बहुतेक जण चारी भिंतींसाठी एकदमच ठरवतात आणि तिथेच फसतात. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येतो, त्यामुळे त्या बाजूच्या भिंतींवर पाऊस आडवा आपटतो, म्हणजे झड लागते. पूर्वेची भिंत त्या मानाने कोरडी राहते. किनाऱ्यावर चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तेव्हा हा फरक मोठा आहे. म्हणून निर्णय भिंतीगणिक घ्या आणि खर्चाचा मोठा वाटा झडीच्या भिंतीला द्या.

झडीची बाजू कुठली हे नकाशापेक्षा शेजारच्या जुन्या घराकडे बघून जास्त नेमकं कळतं. ज्या भिंतीवर शेवाळ चढलंय आणि गिलाव्याचे पोपडे निघालेत, ती झडीची. आसपास डोंगर किंवा दाट झाडी असेल तर वारा वळतो, त्यामुळे हे एकदा फिरून बघाच.

साहित्य निवडण्याआधी छप्पर बघा. पश्चिमेला छपराचा पाखा भिंतीच्या बाहेर निदान अडीच-तीन फूट यायला हवा. खिडकीवरच्या छज्ज्याला खालच्या अंगाने, बाहेरच्या कडेपासून इंच-दीड इंचावर खाच पाडून घ्या. ती नसली की पाणी छज्ज्याच्या पोटाला धरून थेट चौकटीवर उतरतं, मग भिंतीला कितीही महाग काही लावा, ओल तिथूनच येणार.

आता उघडा चिरा, म्हणजे गिलावा न करता ठेवलेला जांभ्या दगडाचा ठोकळा. उत्तर आणि पूर्वेच्या भिंतीला यासारखं दुसरं काही नाही. मात्र चिरा पारखून घ्या. फोडल्यावर आत पांढरट-पिवळ्या मऊ मातीचे कप्पे दिसले तर तो बाहेर उघडा ठेवण्याच्या लायकीचा नाही. पारख सोपी आहे: पूर्ण वाळलेला चिरा वजन करा, चोवीस तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा वजन करा. भारतीय मानक आयएस ३६२० प्रमाणे वजन १२ टक्क्यांहून जास्त वाढता कामा नये. म्हणजे ३० किलोचा चिरा साडेतीन किलोच्या वर पाणी प्यायला तर तो गिलाव्याखालच्या भिंतीत जाऊ दे. सांधे अर्धा ते पाऊण इंच खोल खरवडून १:३ मसाल्याने (एक भाग सिमेंट, तीन भाग रेती) दर्जा भरा, म्हणजे सांधे बुजवा. त्यानंतर सिलेन-सिलोक्सेन जातीचं पाणीरोधक द्रावण मारा; ते चिऱ्यात मुरतं, पाणी बाहेर ठेवतं आणि आतली वाफ सोडतं. चकचकीत वॉर्निश मारू नका. त्याचा थर आतली ओल कोंडतो, दोन-तीन पावसाळ्यांत पांढरा पडतो आणि सोलताना चिऱ्याची कातडी घेऊन निघतो.

झडीच्या भिंतीला दोन थरांचा गिलावा ही किमान गरज. आधी भिंत ब्रशने झाडून भिजवा, खड्डे भरा, सिमेंट-रेतीचा पातळ शिपका मारा. पहिला थर १२ ते १५ मिलिमीटर, १:४ प्रमाण, सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीला डब्यावर लिहिलंय तेवढंच वॉटरप्रूफिंग द्रावण, बहुतेक वेळा २०० मिलि. हा थर ओला असतानाच खरवडून ठेवा आणि निदान दोन दिवस पाणी मारा. वरचा रेतीदार थर ६ ते ८ मिलिमीटर, त्यावर सात दिवस पाणी. कॉलम-बीम आणि चिरा जिथे भेटतात तिथे सांध्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जाईल अशी कोंबडी-जाळी ठोका, कारण दोघांचं आकुंचन-प्रसरण वेगळं आणि चीर हमखास तिथेच पडते. २० मिलिमीटर जाडीला १०० चौरस फुटांमागे साधारण पावणेदोन गोणी सिमेंट आणि आठ घनफूट रेती लागते. चिऱ्याची भिंत खडबडीत असेल तर थोडी जास्त. खाडीची खारी रेती कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. तिच्यातल्या मिठाने भिंतीला खार फुटतो आणि रंग टिकत नाही.

रंगाआधी गिलाव्याला २८ दिवस द्या. दीड फूट चौरस प्लास्टिक चारी कडांनी टेप लावून भिंतीला रात्रभर चिकटवा. सकाळी आतून थेंब दिसले तर थांबा. प्रायमर आणि बाहेरच्या कामाचं अॅक्रेलिक इमल्शन दोन हात, एवढं पुरेसं आहे. झडीच्या भिंतीला पुट्टी लावून गुळगुळीत करण्याचा मोह आवरा. ओल शिरली की आधी पुट्टीच सुटते.

खरा इलाज मात्र भिंतीपुढे दुसरं कवच उभं करणं हा आहे. जुन्या मातीच्या घरांना पावसाळ्याआधी झावळ्यांची झापं बांधत ती याचसाठी. कवचावर पाऊस अडतो, चुकून आत गेलेलं पाणी पोकळीतून खाली निथळतं आणि वारा भिंत सुकवतो. आज यासाठी फायबर सिमेंटचा बोर्ड घ्या, ८ किंवा १० मिलिमीटरचा. ८ बाय ४ फुटांचा एक बोर्ड ३२ चौरस फूट झाकतो. ४०० चौरस फुटांच्या भिंतीला तुटफूट धरून १४-१५ लागतील. गॅल्व्हनाइज्ड उभ्या पट्ट्या दोन-दोन फुटांवर, मागे इंचभर पोकळी, बोर्डांमध्ये ३-४ मिलिमीटर फट, जमिनीपासून सहा इंच वर. पोकळी खाली-वर उघडी ठेवून जाळी लावा. गवंडी ती सवयीने मसाल्याने बंद करतात, तेव्हा समोर उभे राहा. कापलेली प्रत्येक कड सीलरने भरा, नाहीतर बोर्ड कडेनेच पाणी पितो आणि पदर सुटतात.

कवचाला बोर्डाऐवजी रंगीत पत्रा स्वस्त आणि हलका, पण समुद्रापासून लांब असाल तरच. ०.५ मिलिमीटरचा घ्या, ग्राइंडरऐवजी कात्रीने कापा. ठिणग्या रंगावर बसतात आणि तिथून गंज सुरू होतो. उभ्या जोडाचं तोंड वाऱ्याकडे नको. स्क्रूचा रबरी वॉशर दबून बाहेर येईपर्यंत आवळला तर तो लवकरच फाटतो.

मसाल्याने चिकटवलेला शोभेचा दगड झडीच्या भिंतीवर मुळीच नको. मागे राहिलेल्या पोकळीत पाणी साचतं, त्याला वाट नसते, आणि वरच्या मजल्यावरून फरशी सुटली तर माणसाच्या डोक्यात जाते. लावायचाच असेल तर जोत्याला, जमिनीपासून दोन फुटांपर्यंत. पागोळ्यांचे चिखलाचे शिंतोडे तिथेच उडतात, तेव्हा तिथे काळा दगड शोभतोही आणि टिकतोही.

काम दिवाळीनंतर काढा, गिलावा फेब्रुवारीपर्यंत आणि रंग एप्रिलपर्यंत संपवा. परांची उतरवण्याआधी झडीच्या भिंतीवर नळीने पाणी मारा. खालून सुरुवात करून वर जा आणि प्रत्येक चौकटीवर, प्रत्येक सांध्यावर दहा मिनिटं थांबा. वरून सुरू केलंत तर ओघळ सगळीकडे जातो आणि पाणी नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. एक माणूस आत टॉर्च घेऊन उभा हवा. ओल दिसेल तिथे खडूने खूण करा आणि परांची उभी असतानाच ती जागा दुरुस्त करून घ्या.