नळाचं बिल वाढलं? दोन अर्ज करा

इंदूरच्या लोकमान्य नगरात आमच्या रहवासी संघाची बैठक भरली, की आधी पाणी आणि ड्रेनेजच्या दरांवर आरडाओरड होते. माझी उभी हयात बँकेत आकड्यांत गेली, म्हणून सगळी बिलं माझ्या पुढ्यात येतात. माझं सांगणं एकच: दराची तक्रार वेगळी, बिलातली चूक वेगळी. दोन्ही एका अर्जात कोंबलं, की तो अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो.

आधी बिल बघा. इंदूरात बहुतेक घरांना मीटर नाही, महिन्याची ठरलेली रक्कम येते. तेव्हा "आम्ही दोघंच, पाणी लागतं किती" हा युक्तिवाद चालत नाही. कनेक्शन अर्धा इंची लिहिलंय की मोठं, घरगुती की व्यावसायिक, ते तपासा. खालचं दुकान कधीच बंद झालं असेल, तर कागदावरही बंद करून घ्या. मागची बाकी दिसली तर जुन्या पावत्या काढा. कनेक्शन अजून आजोबांच्या नावावर असेल, तर नामांतर आधी.

बिलातल्या चुकीचा हा अर्ज निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, झोन कार्यालयात द्यायचा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यायचा. उत्तर नाही आलं तर निगमचं 311 अ‍ॅप, मग 181 ही मुख्यमंत्री हेल्पलाइन, मग कलेक्टर कार्यालयातली मंगळवारची जनसुनवाई, म्हणजे लोकांच्या तक्रारींची सुनावणी. तोवर बिल भरत राहा. रुसून थांबलात तर सरचार्ज चढतो. जुनी थकबाकी असेल तर नॅशनल लोक अदालतीची तारीख बघून ठेवा, तिथे सरचार्जमध्ये सूट मिळते. मुद्दल मात्र भरावंच लागतं.

आता दर. झोनवरच्या बाबूशी भांडून काही होत नाही, त्याच्या हातात दर नाहीतच. ते ठरतात निगमच्या वरच्या पातळीवर, बजेटच्या सुमारास. म्हणून पार्षदाकडे (नगरसेवकाकडे) जायचं ते बजेटच्या आधी. नंतरही फिरवता येतं म्हणा; 2021 च्या एप्रिलमध्ये लोक भडकले तेव्हा वाढ थांबवावी लागलीच. पण दर वेळी तेवढा जोर कुठून आणणार?

जाताना "महागाई" एवढंच बोलू नका. आपलं पाणी सुमारे 70 किलोमीटरवरच्या नर्मदाकाठच्या जलूदहून, घाट चढवून येतं. खर्चाचा मोठा भाग म्हणजे पंपांची वीज. ती वाचावी म्हणून जलूदला 60 मेगावॅटचा सोलर प्रकल्प ठरला आणि त्यासाठी 2023 मध्ये निगमने 244 कोटींचे ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढले. मग विचारा: विजेची बचत किती धरली आहे, आणि त्यातलं दरात किती उतरणार? ड्रेनेजचं शुल्क लावत असतील, तर ज्या गल्लीत लाइनच नाही, सेप्टिक टँक आहे, तिथे ते कसलं, हेही विचारा.

उत्तर गोलमोल आलं तर माहितीचा अधिकार आहे. फी 10 रुपये, मुदत 30 दिवस. अर्जात "का वाढवलं" लिहू नका, कारणं सांगायला ते बांधील नसतात. कागद मागा: दरवाढीचा प्रस्ताव, ठराव, मागच्या तीन वर्षांचं पंपिंगचं वीजबिल.

सामूहिक निवेदनावर प्रत्येक सहीपुढे ग्राहक क्रमांक लिहा, नुसत्या सह्यांना कोणी विचारत नाही. आणि पार्षदांकडे संध्याकाळी जा. सकाळी दारात गर्दी असते आणि त्यांचं लक्ष फोनवर.