थकीत सेवानिवृत्तीलाभांसाठी न्यायालयात जाण्याआधीची तयारी

कुठे दाद मागायची, हे सर्वांत आधी ठरवावे. मराठवाड्यात महसूल, पाटबंधारे, कृषी अशा राज्य शासनाच्या खात्यांतून निवृत्त झालेल्यांनी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठात मूळ अर्ज दाखल करावा. जिल्हा परिषदेचे शिक्षक व ग्रामसेवक यांना मात्र ती वाट नाही. त्यांना मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका करावी लागते.

त्यानंतर येणे असलेली प्रत्येक रक्कम वेगळी मांडावी. निवृत्तिवेतन, अंशराशीकरण (निवृत्तिवेतनाच्या काही भागाऐवजी मिळणारी एकरकमी रक्कम), उपदान (ग्रॅच्युइटी), शिल्लक अर्जित रजेचे (कमाल ३०० दिवसांचे) रोखीकरण, भविष्य निर्वाह निधी आणि गट विमा यांपैकी काय मिळाले, काय अडले आणि कोणाच्या टेबलावर अडले, हे तारखांसह लिहून काढावे. राज्य कर्मचाऱ्याचे प्रकरण कार्यालयातून नागपूरच्या महालेखापालांकडे जाते आणि तेथून प्राधिकारपत्र (रक्कम देण्याचा आदेश) कोषागारात येते. त्यामुळे ‘प्रकरण वर पाठवले आहे’ या तोंडी उत्तरावर न थांबता जावक क्रमांक मागावा, आणि तो मिळत नसेल तर दहा रुपयांचा मुद्रांक लावून माहिती अधिकारात अर्ज टाकावा.

सेवापुस्तकाची संपूर्ण प्रत मात्र हाती हवीच. माझ्या मते निम्मी प्रकरणे तिथेच अडतात. एखाद्या वेतनवाढीच्या नोंदीखाली सही नसते, बदलीच्या वर्षीची सेवा पडताळणी कोरी असते, किंवा वेतननिश्चितीवर वेतन पडताळणी पथकाचा शिक्का नसतो, आणि ती त्रुटी निवृत्तीनंतर उघड होऊन फाईल परत येते. या नोंदी ठेवणे कार्यालयाचे काम आहे, हे अर्जात ठामपणे लिहावे. जादा वेतनाची वसुली काढली असेल, तर सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा रफिक मसीह निकाल जोडावा. वर्ग तीन व चारच्या कर्मचाऱ्यांकडून, तसेच निवृत्तांकडून अशी वसुली त्यात नाकारली आहे. तथापि वेतननिश्चितीच्या वेळी जादा रक्कम परत करण्याचे हमीपत्र आपण दिले होते काय, हे वकिलांना आधीच सांगावे, कारण २०१६ च्या जगदेव सिंग निकालाने हमीपत्राला महत्त्व दिले आहे.

विभागीय चौकशी किंवा न्यायालयीन प्रकरण चालू असल्यास १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांतील नियम १३० नुसार तात्पुरते निवृत्तिवेतन मिळते, पण उपदान थांबते. निवृत्तीनंतर चौकशी सुरू झाली असेल, तर नियम २७ प्रमाणे शासनाची मंजुरी होती का आणि आरोपातील घटना चार वर्षांपेक्षा जुनी आहे का, हे पाहावे.

न्यायाधिकरणात जाण्यापूर्वी कार्यालयप्रमुखांना लेखी निवेदन द्यावे आणि पोचेवर आवक क्रमांक व वाचता येईल अशी तारीख घ्यावी. सहा महिन्यांत उत्तर न आल्यास त्यापुढे एक वर्षाची मुदत असते. नुसती स्मरणपत्रे धाडत राहिल्याने ती वाढत नाही. निवृत्तिवेतन कमी मिळत असल्यास दर महिन्याला दाद मागण्याचे नवे कारण घडते खरे, पण फरक साधारणपणे मागील तीन वर्षांपुरताच मिळतो.

मागणीत मूळ रकमेसोबत नियम १२९-अ व १२९-ब खालील विलंबाचे व्याज स्पष्ट शब्दांत मागावे. शेवटी पत्नीचे किंवा पतीचे नाव सेवापुस्तक, नामनिर्देशन, आधार आणि बँक खाते यांत अक्षरशः सारखे आहे का, हे पाहून घ्यावे, म्हणजे प्रकरण लांबले तरी कुटुंब निवृत्तिवेतनाला त्याची आडकाठी होणार नाही.