बॉल पायथन उंदराला तोंड लावत नाही तेव्हा

पाळीव सापांमध्ये उपासासाठी सगळ्यात बदनाम बॉल पायथन. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा जाडजूड, बुजरा साप तिथे उंदरांच्या बिळांत नाहीतर वाळवीच्या वारुळांत पडून असतो. धडधाकट प्रौढ नराने हिवाळ्यात तीन-तीन महिने काही खाल्लं नाही तरी त्यात नवल नाही. म्हणून दिवस मोजत बसू नका, वजन मोजा. स्वयंपाकघरातला एक-एक ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा, त्यावर झाकणाचा डबा, आणि आठवड्यातून एकदा वहीत नोंद. १४०० ग्रॅमचा साप १३५० वर आला तर बिघडत नाही. १२६० वर आला, म्हणजे १० टक्के उतरला, तर सापांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्यायचा. तोंडाला फेस, श्वासाची घरघर, हिरड्यांना सूज यांपैकी काही दिसलं तर वजनाची वाट पाहायची नाही. पिल्लांच्या अंगात साठा कमी असतो, त्यांच्या बाबतीत लवकर हालचाल करा.

भारतातल्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकू. नाग, धामण, आपला अजगर घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी साइटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

आता पेटी. न खाणाऱ्या बहुतेक सापांचं दुखणं इथेच सापडतं. उबदार बाजू ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, थंड बाजू २५ ते २७, आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास. काचेला चिकटवायच्या थर्मामीटरच्या गोल तबकडीवर भरवसा ठेवू नका, ती काचेचं तापमान दाखवते. वायरवाल्या डिजिटल थर्मामीटरचं टोक साप बसतो त्या आडोशाच्या आत, जमिनीलगत ठेवा. हीट मॅटला, म्हणजे पेटीला ऊब देणाऱ्या विजेच्या चटईला, तापमान आपोआप आवरणारा थर्मोस्टॅट हवाच. आडोसे दोन, दोन्ही बाजूंना एकसारखे आणि अंगाला भिंती टेकतील इतके अडचणीचे. माणसाला दया येईल अशी दाटीवाटीची जागा या सापाला आवडते. काचेच्या तीन बाजू कागदाने झाका. साप नवीन असेल तर पहिले ७ ते १० दिवस पाणी बदलण्यापलीकडे पेटीत हात घालू नका, खायलाही देऊ नका. डोळे दुधाळ झाले असतील तर कात टाकेपर्यंत थांबा.

पाणी मात्र कायम ताजं हवं. दुधाची वाटी नागपंचमीच्या चित्रातच राहू द्या, सापाला दूध पचत नाही.

उंदराची जाडी सापाच्या सर्वात जाड भागाइतकी, फार तर किंचित जास्त. पिल्लाला त्याच्या वजनाच्या १० ते १५ टक्के, प्रौढाला ५ टक्क्यांच्या आसपास. रुसलेल्या सापाला एक माप लहानच द्या, मोठं भक्ष्य पाहून तो अंग चोरतो.

गोठवलेला उंदीर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. दुसऱ्या दिवशी झिपच्या पिशवीत घालून कोमट पाण्यात बुडवा आणि पोट दाबून आतला गोळा मऊ झाला का बघा. मायक्रोवेव्ह नको, आतडी शिजतात आणि उंदीर फुटतो. शेवटी नुसतं डोकं मिनिटभर गरम पाण्यात धरा किंवा हेअर ड्रायरने ३८ ते ४० अंशांपर्यंत तापवा. या सापाच्या वरच्या ओठावर उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात. थंड उंदीर त्याच्या लेखी दगड.

वेळ रात्रीची, दिवा बंद. ३० सेंटिमीटरच्या चिमट्याने उंदीर कमरेशी पकडा, म्हणजे तापलेलं डोकं सापाकडे राहील आणि तुमचा हात लांब. आडोशाच्या तोंडाशी नेऊन बारीकसे हिसके द्या, नाकावर आपटू नका. जिभेची लपलप वाढली, मान इंग्रजी एससारखी आकसली की हात स्थिर ठेवा. आता तो झडप घालणार. उलट मान आत ओढून त्याने अंगाचा गोळा केला तर तो भ्यालाय, पुढे रेटू नका. उंदीर आडोशाच्या दारात ठेवा, पेटीवर चादर टाका आणि झोपायला जा. सकाळी तसाच पडलेला असेल तर टाकून द्या. पुन्हा गोठवायचा नाही.

आणि इथे बहुतेकांची घाई नडते. दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी परत! प्रत्येक नकाराने साप जास्तच बुजतो. पुढचा प्रयत्न ७ दिवसांनी. तेव्हा एकच गोष्ट बदला: मोठ्या जातीच्या पांढऱ्या उंदराऐवजी (रॅट) लहान जातीचा (माऊस), किंवा नेहमीच्याच उंदराला जिवंत उंदरांच्या पिंजऱ्यातला भुसा चोळून. तेही जमलं नाही तर साप आणि तो मेलेला उंदीर दोघांना हवेसाठी भोकं पाडलेल्या कागदी पिशवीत घाला, तोंड दुमडा, आणि पिशवी पेटीत उबदार बाजूला रात्रभर राहू द्या. अंधार, अडचण आणि वास एकत्र आले की हट्टी पिल्लंही पुष्कळदा खातात.

जिवंत उंदीर सोडून निघून जाणं हा सगळ्यात वाईट उपाय. भूक नसलेल्या सापाची पाठ उंदीर हाडापर्यंत कुरतडतो. जबरदस्तीने घशात कोंबणंही घरी नको, ते पशुवैद्याचं काम.

खाल्ल्यावर ४८ तास हात लावू नका. उलटी झालीच तर आधी तापमान तपासा, थंड पेटीत अन्न पोटातच कुजतं. मग दोन आठवडे पोटाला विश्रांती, आणि पहिला घास नेहमीच्या निम्म्या मापाचा.