८०० हॉर्सपॉवरची गाडी वळणातून बाहेर पडताना गरकन फिरते?

फोर्झासारख्या कार रेसिंगच्या गेममध्ये मागच्या चाकांवर चालणारी गाडी वळणातून निघताना फिरली, तर इंजिनाला हात लावू नका. ट्यूनिंगमध्ये डिफरन्शियलचं (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा भाग) अ‍ॅक्सिलरेशन, म्हणजे गॅस दिल्यावर ती दोन चाकं किती घट्ट एकत्र फिरतात तो आकडा, समजा ७५ असेल तर ५५ वर आणा. फार खाली नेलंत तर आतलं चाक एकटंच गरगरेल. मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारा दांडा) थोडा मऊ करा. दुसऱ्या गिअरमध्येही चाकं पकड सोडून गरगरत असतील, तर फायनल ड्राइव्हचा (सगळ्या गिअरना एकत्र लागू होणारं शेवटचं गुणोत्तर) आकडा कमी करा.

एका वेळी एकच बदल, मग त्याच ट्रॅकवर तीन लॅप. पहिली सोडून द्या, टायर थंड असतात. हवेचा दाब टायर तापल्यावरच टेलिमेट्रीत (गाडीचे चालू आकडे दाखवणारा स्क्रीन) बघा. दादर-अंधेरीच्या गेमिंग कॅफेत तासाच्या भाड्यावर खेळत असाल, तर उठण्याआधी सेटिंगचा मोबाइलवर फोटो काढा.