बरणीतला जुना मासा ओळखताना

संग्रहालयातल्या जुन्या माशांवर काम सुरू करणाऱ्यांना मी आधी एकच सांगतो: चिठ्ठीवरचं नाव लगेच वाचू नका. नाव वाचलं की डोळे तेच शोधायला लागतात. ठिकाण, तारीख आणि गोळा करणारा कोण, एवढं टिपून घ्या आणि मोजणीला लागा.

रंगावर भिस्त ठेवता येत नाही. अल्कोहोलमध्ये लाल-पिवळा रंग लवकर उडतो. काळे ठिपके आणि पट्टे बऱ्याचदा टिकतात, कारण त्यांतलं काळं रंगद्रव्य, मेलॅनिन, सहजी विरघळत नाही. म्हणून आधार घ्यायचा तो आकड्यांचा: परांमधले काटे आणि मऊ किरण (पराला आधार देणाऱ्या लवचिक काड्या), पार्श्वरेषेवरचे, म्हणजे अंगाच्या बाजूने जाणाऱ्या रेषेवरचे खवले, पहिल्या कल्ल्याच्या कमानीवरचे दाते, मणके. खवले गळून गेले असतील तर तिरप्या उजेडात त्यांच्या खाचा दिसतात, त्या मोजा. पाठीच्या परातले शेवटचे दोन किरण एकाच बुडातून निघत असतील तर ते एक धरायचे. नवख्यांची बेरीज बहुधा इथेच चुकते आणि मग कुठलीच जात जुळत नाही. मणक्यांसाठी मासा चिरू नका, एक्स-रे काढून घ्या. मात्र आम्लधर्मी फॉर्मॅलिनमध्ये राहिलेल्या माशाच्या हाडांतलं कॅल्शियम झिजतं, त्यामुळे चित्र पुसट येतं. फॉर्मॅलिनने ऊती टिकवण्याची पद्धत 1893 नंतरची. त्याआधीचे मासे स्पिरिटमध्येच ठेवले जात, पण पुढे कुणी द्रव बदलला का, हे नोंदवहीत पाहायला हवं.

लांबीचा घोळ वेगळाच. आज प्रमाण लांबी नाकाडापासून शेपटीच्या पराच्या बुडापर्यंत घेतात; जुने लेखक बऱ्याचदा शेपटीसकट आणि इंचात देत. इंग्रजी इंच 25.4 मिलिमीटर, जुना फ्रेंच इंच सुमारे 27. क्युव्हिए आणि व्हॅलेन्सिएन या फ्रेंच अभ्यासकांच्या माशांवरच्या 22 खंडांतलं वर्णन हातातल्या नमुन्याशी ताडून पाहताना एवढ्या फरकानेही वर्णनामागचा मूळ मासा निसटू शकतो.

मला सर्वांत जास्त गोडी लागली ती नोंदवह्यांची. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे यांचा भारतीय माशांवरचा ग्रंथ 1875 ते 1878 या काळात निघाला, आणि त्यांचे मासे कोलकाता, लंडन, लायडन, व्हिएन्ना, सिडनी असे विखुरले. त्यामुळे एका बरणीतल्या माशाचे सोबती दुसऱ्या देशातल्या संग्रहालयात असू शकतात, आणि ते पाहिल्याशिवाय मत देणं मला घाईचं वाटतं. बरणीबाहेरच्या चिठ्ठीपेक्षा माशाला बांधलेल्या क्रमांकावर जास्त विश्वास ठेवा. बरण्या बदलताना मासे इकडचे तिकडे होतात.

जुनी चिठ्ठी फाटकी, चुकीची असली तरी काढून टाकायची नाही. आपली नवी चिठ्ठी पेन्सिलीने किंवा अल्कोहोलमध्ये न पसरणाऱ्या शाईने लिहून, नाव आणि वर्षासह, तिच्या शेजारी ठेवायची. जात (species) ठरत नसेल तर तिच्या वरच्या गटापाशी, म्हणजे प्रजातीपाशी (genus) थांबा आणि कोणती मोजणी कुठे अडली ते तिथेच लिहा.