या चुका टाळा: फक्त बुश बदलायचे की अख्खा लोअर आर्म?

ब्रेक दाबला की पुढच्या चाकाजवळ एकदाच ‘टक्’. रिव्हर्स घेऊन पुन्हा ब्रेक मारला की तोच आवाज. हा आवाज बहुधा लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या, बुशचा असतो. बुश म्हणजे आत धातूची नळी, बाहेर कडं आणि मध्ये रबर असलेला सांधा. ब्रेक लागला की चाक मागे रेटलं जातं, आणि आर्मच्या आतल्या टोकाचं रबर फाटलेलं असेल तर अख्खा आर्म तेवढा सरकतो. बारीक खाचखळग्यांवर सतत खडखड होत असेल तर मात्र आधी लिंक रॉड (अँटी-रोल बारला जोडणारा छोटा दांडा) तपासा. नुसत्या आवाजावरून आर्म मागवायचा, दिवसभर खपून तो बसवायचा आणि आवाज जागेवरच, ही पहिली चूक.

गाडी जॅकने उचलून जॅक स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. टॉमी (लोखंडी पहार) आर्म आणि सबफ्रेमच्या, म्हणजे आर्म ज्या चौकटीला जोडलेला असतो तिच्या, मध्ये घालून हलकं रेटा. रबर थोडं दबणारच, ते त्याचं कामच आहे. आतली नळी बाहेरच्या कड्याला जाऊन टेकत असेल किंवा रबर धातूपासून सुटलेलं असेल, तर बुश संपला. वरवरच्या बारीक भेगांना घाबरू नका. काही बुशमध्ये रबरात मुद्दाम पोकळी ठेवलेली असते, तिला फाट समजून चांगला बुश फेकला जातो. काही बुशमध्ये द्रव भरलेला असतो; तिथे ओघळ दिसला की समजायचं, तो गेला.

बुश गेलाय हे नक्की झालं की पुढचा प्रश्न. इथे एक गोष्ट विसरली जाते: फक्त बुश बदला किंवा अख्खा आर्म, तो गाडीवरून उतरवायची मेहनत जवळपास सारखीच असते. फरक फक्त प्रेसवरच्या (बुश दाबून काढायच्या-बसवायच्या यंत्रावरच्या) कामाचा. म्हणून माझ्या मते निर्णय बुशवर नाही, बॉल जॉइंटवर, म्हणजे आर्मच्या चाकाकडच्या टोकाला असलेल्या गोल सांध्यावर, घ्यावा. अनेक गाड्यांत तो आर्मलाच पक्का असतो, वेगळा मिळत नाही. त्याचं रबरी बूट फाटलंय किंवा त्यात ढिलाई आलीय, तर नवे बुश ठोकण्यात अर्थ नाही, आर्मच बदला. बुशच्या घराभोवती गंज खोल गेला असेल, किंवा चाक जोरात आदळून आर्म वाकला असेल, तरीही तेच. वाकलेला आर्म तापवून सरळ करणं तर कधीच नको. चाक धरून ठेवणारा भाग आहे तो.

पण बॉल जॉइंट घट्ट आणि धातू निरोगी असेल, तर मूळ आर्म ठेवून चांगले बुश टाकणं मला जास्त पटतं. अगदी हलक्या दर्जाच्या नव्या आर्ममध्ये बुश आणि बॉल जॉइंट दोन्ही हलकेच असतात, आणि थोड्याच दिवसांत गाडी पुन्हा उघडावी लागते.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक. ती मी स्वतः केली आहे: चाक हवेत लटकत असताना बुशचे बोल्ट पूर्ण आवळले. काही महिन्यांत नवे बुश फाटले आणि मी मालाला दोष देत बसलो. माल चांगला होता. रबरी बुश बेअरिंगसारखा फिरत नाही. त्याची आतली नळी बोल्टने ब्रॅकेटला जखडली जाते, बाहेरचं कडं आर्ममध्ये घट्ट असतं, आणि हालचाल होते ती फक्त मधल्या रबराला पीळ पडून. चाक लटकलेलं असताना आर्म खाली झुकलेला असतो. तिथेच बोल्ट आवळला तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं, आणि प्रत्येक खड्डा त्या पिळात भर घालतो. नवा आर्म घेतला तरी यातून सुटका नाही, कारण त्यातले बुशही असेच असतात.

उपाय सोपा आहे. काम सुरू करण्याआधी, गाडी जमिनीवर असताना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. जोडताना बोल्ट हातानेच बसवा, मग जॅकने ते चाक तेवढ्याच अंतरापर्यंत वर घ्या आणि तेव्हाच टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) कंपनीच्या मापाला आवळा. कंपनीने बोल्ट एकदाच वापरायला सांगितले असतील तर नवेच लावा.

प्रेसवर जोर फक्त बाहेरच्या कड्यावर द्यायचा. आतल्या नळीवर दिला की नवा बुश तिथेच सुटतो. पत्र्याच्या आर्मला आतून आधार दिला नाही तर त्याचे कान, म्हणजे बुश धरणाऱ्या दोन्ही बाजूंच्या कडा, चेपतात. जुना बुश काढण्याआधी तो कोणत्या दिशेला बसलाय याची खूण करून ठेवा, पोकळीची दिशा चुकली की गाडीचं वागणंच बदलतं. आणि घालताना साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको, त्याने रबर फुगतं. साबणाचं पाणी पुरतं.

एका बाजूचा बुश गेला असेल तर दुसरीकडचाही बदला, दोघांनी सारखाच रस्ता तुडवलाय.

शेवटी व्हील अलाइनमेंट करायचंच, स्टिअरिंग सरळ वाटलं तरी. ढिल्या बुशमुळे टायरची आतली कड वेडीवाकडी घासली असेल तर तो टायर नंतरही घुंघुं करत राहतो. तो आवाज ऐकून आर्म पुन्हा उघडू नका, आधी टायर पुढचे मागे करून पाहा.